गरजू मातांच्या सुरक्षित बाळंतपणासाठी लोकवर्गणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपणासाठी निधी उभारण्याच्या आमच्या कामात पत्रव्यवहार सांभाळताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही देणगीदारांचे असतात, काही गरोदर बाईच्या नातेवाइकांचे, तर काही एखाद्या मातेसाठी स्वतः आवाहन करू पाहणाऱ्या परिचारिकांचे आणि शिक्षकांचे. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोकवर्गणीतून बाळंतपण म्हणजे नेमके काय?

अनेकांनी थोडी थोडी रक्कम, बहुधा एखाद्या संकेतस्थळामार्फत, एकत्र करायची आणि ज्या बाईला खर्च झेपणार नाही तिची तपासणी, प्रसूती आणि नंतरची देखभाल त्या रकमेतून करायची, एवढाच त्याचा अर्थ आहे. वर्गणी काढण्याची रीत जुनीच आहे. देणारा आणि घेणारी एकमेकांना कधीच भेटणार नाहीत, हे त्यातले नवे. उपचारांसाठी अशी वर्गणी जमवणारी अमेरिकेतील वात्सी ही संस्था २०१२ मध्ये सुरू झाली, तिच्या जन्माची हकिकत या कामातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. संस्थापक चेस अॅडम हे कोस्टा रिकामध्ये बसने प्रवास करत असताना एक बाई मुलाच्या उपचारासाठी प्रवाशांकडून पैसे मागत होती आणि सोबत त्याचे वैद्यकीय कागद दाखवत होती. बसमधील बहुतेकांनी तिला पैसे दिले. बस त्या वेळी वात्सी नावाच्या गावातून जात होती, तेच नाव संस्थेला मिळाले. लोकांनी कागद पाहून विश्वास ठेवला, ही त्यातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

२. बाळंतपण ही नैसर्गिक गोष्ट आहे. तिला एवढा पैसा का लागतो?

बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात, हे खरेच आहे. तरीही साधारणपणे शंभरातल्या पंधरा गरोदर स्त्रियांच्या बाबतीत अशी काही गुंतागुंत होते की, तातडीने आणि कुशल हातांनी उपचार करावे लागतात. त्या पंधरा कोण असतील हे आधी खात्रीने सांगता येत नाही. नऊ महिने सगळे अहवाल चांगले आलेल्या बाईलाही प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत तिचा जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या, म्हणजे दर दोन मिनिटांना जवळजवळ एक, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही मुख्य कारणे आहेत. यांतल्या प्रत्येकावर उपाय माहीत आहे. खर्च येतो तो मुख्यतः तो उपाय रात्रीच्या दोन वाजताही हाताशी ठेवण्याचा : शीतकपाटात ठेवलेले ऑक्सिटोसिन हे रक्तस्राव रोखणारे औषध, रक्ताची पिशवी, जागी असलेली परिचारिका, उभे असलेले वाहन.

३. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत होते ना?

अनेक देशांत होते. सिएरा लिओनने २०१० मध्ये, भारताने २०११ मध्ये, केनियाने २०१३ मध्ये सरकारी रुग्णालयांतील प्रसूती निःशुल्क केली. म्हणून आवाहन करण्याआधी मातेला कोणत्या मोफत सेवेचा हक्क आहे, हे तपासणे ही पहिली पायरी आहे, आणि लोकवर्गणीचा पैसा सरकार देत असलेल्या सेवेच्या जागी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र 'मोफत' या शब्दाच्या बाहेर बरेच काही राहून जाते. रुग्णालयापर्यंतचे आणि तिथून मोठ्या रुग्णालयात हलवावे लागल्यास पुढचे वाहन, साठा संपल्यामुळे बाहेरून आणावी लागणारी औषधे, सोबतच्या माणसाचे राहणे-जेवण, बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या मोठ्या मुलांची सोय, हे सगळे कुटुंबाच्याच माथी येते. अशा ठिकाणी छोटा, नेमका निधी पुरतो आणि तो उभा करणेही सोपे जाते.

४. आवाहन कितव्या महिन्यात सुरू करावे?

शक्य तितके लवकर, आणि पाचवा महिना संपायच्या आत. लोकांचा समज असा असतो की पैसा प्रसूतीच्या दिवशी लागतो. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागच्या तीन विलंबांची मांडणी केली : रुग्णालयात जायचे ठरवायला झालेला उशीर, तिथे पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. पैसा नसणे या तिन्हींत आड येते, पण पहिल्या उशिरात ते सर्वांत कमी दिसते. बाईला झटके येण्याआधी डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरातले लोक खर्चाच्या धास्तीने 'सकाळपर्यंत बघू' असे म्हणतात. निधी आधीच जमा आहे आणि वाहनाचे भाडे दिलेले आहे, हे त्या घराला ठाऊक असेल, तर सकाळची वाट पाहिली जात नाही.

जगात दहांपैकी एक बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मते. त्यामुळे आम्ही नियत तारखेऐवजी चौतिसावा आठवडा ही निधीची अंतिम मुदत धरतो. आवाहन लवकर सुरू केल्यास तपासण्यांचाही खर्च भागतो. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ वेळा तपासणी व्हावी अशी शिफारस करते.

५. एका मातेच्या नावाने निधी उभारावा की सर्वांसाठी एकच सामायिक निधी ठेवावा?

हा प्रश्न देणगीदार जवळजवळ दर आठवड्याला विचारतात आणि बहुतेकांचा कल एका मातेकडे असतो. ते समजण्यासारखे आहे. आपली मदत कोणाला पोहोचली हे कळावे, असे कोणालाही वाटते. तरीही बाळंतपणाच्या बाबतीत मी सामायिक निधीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण प्रश्न २ मधल्या त्या पंधरा स्त्रियांत आहे.

समजा, शंभर मातांची नोंदणी झाली आणि साध्या प्रसूतीचा खर्च एक भाग धरला. गुंतागुंतीच्या प्रसूतीला त्याच्या सहा पट लागतात असे मानू. पंच्याऐंशी मातांना प्रत्येकी एक आणि पंधरांना प्रत्येकी सहा, मिळून १७५ भाग झाले. म्हणजे प्रत्येक नोंदणीमागे पावणेदोन भाग जमवले की सगळ्यांची सोय होते. हेच शंभर वेगवेगळ्या आवाहनांनी करायचे ठरवले, तर प्रत्येक मातेसाठी आधीपासून सहा भाग जमवावे लागतील, कारण ती पंधरांपैकी आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. नाहीतर एकच भाग जमवून उरलेले दैवावर सोडावे लागेल. (सहा पट हा केवळ हिशेब समजावण्यासाठी धरलेला आकडा आहे, खरा आकडा आपापल्या रुग्णालयाकडून घ्यावा.)

दुसरे कारण न्यायाचे आहे. ज्या बाईचा चेहरा बोलका, जिच्या ओळखीत लिहिता येणारे कोणी, तिचे आवाहन भरते. जिच्याकडे फोनही नाही तिचे भरत नाही. लॉरेन बर्लिनर आणि नोरा केनवर्दी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील २०० वैद्यकीय आवाहनांच्या अभ्यासात दहांपैकी जवळजवळ नऊ आवाहने ठरवलेल्या रकमेपर्यंत पोहोचलीच नव्हती. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, कळा पुढे ढकलता येत नाहीत; अपुऱ्या निधीचा फटका बाळंतपणाला सर्वांत जास्त बसतो.

एका मातेसाठीच आवाहन करायचे असेल, तर मजकुरात एक वाक्य पहिल्या दिवसापासून असावे : 'या मातेच्या खर्चानंतर उरलेली रक्कम याच रुग्णालयातील दुसऱ्या गरजू मातेसाठी वापरली जाईल.' प्रश्न १४ मधले बरेच वाद या एका वाक्याने टळतात.

६. किती रक्कम मागायची, हे कसे ठरवावे?

रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, आणि साधी प्रसूती व सिझेरियन यांचे आकडे वेगळे मागावेत. त्यात तपासण्या, सोनोग्राफी, औषधे, भूल, रक्त, खाटेचे भाडे आणि नवजात बाळाची पहिली तपासणी यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात. 'इतर खर्च' अशी गोळाबेरीज ओळ मोठी दिसली तर तिचा खुलासा विचारावा. रुग्णालयाबाहेरचा खर्च कुटुंबाशी बसून काढावा लागतो, आणि तो फोनवर नीट निघत नाही.

आमच्याकडे एकदा एका परिचारिकेने हाताने लिहिलेला कागद आला होता. हातमोज्यांचे जोड, नाळेचा चिमटा, बाळासाठी टोपी आणि दोन सुती फडकी, अशा बारा-तेरा ओळी एका शाईत होत्या. सर्वांत खाली, वेगळ्या शाईत, नंतर आठवून लिहावे तसे तिने 'परतीचे भाडे' लिहिले होते. त्या आधीच्या कोणत्याही अंदाजपत्रकात ती ओळ नव्हती. टाके पडलेली बाई आणि दोन दिवसांचे बाळ घरी कसे जाणार, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. तेव्हापासून ती ओळ आमच्या छापील नमुन्यात आहे.

७. पैसे कोणाच्या खात्यात जातात?

उपचाराचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, बिल पाहून जावेत. वाहन, जेवण, मजुरी यांसाठीची रक्कम मातेच्या स्वतःच्या हातात किंवा तिच्या नावावरील खात्यात द्यावी. नवरा, सासू किंवा भाऊ यांच्याकडे रक्कम देण्याची पाळी आली, तर मातेला रकमेचा आकडा माहीत आहे ना, याची तिच्याशी एकटीशी बोलून खात्री करावी. आवाहन करणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेणे शक्य तितके टाळावे. त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, त्याच्या घरखर्चात आणि निधीत सरमिसळ झाली की हिशेब देणे त्याचे त्यालाच कठीण जाते.

८. माझ्या देणगीतला किती भाग खरोखर मातेपर्यंत पोहोचतो?

संकेतस्थळाचे शुल्क आणि पैसे पाठवण्याचा आकार, अशा दोन कपाती साधारणपणे होतात. काही संकेतस्थळे शुल्क घेत नाहीत, पण देणगी देताना स्वतःसाठी ऐच्छिक रक्कम सुचवतात, आणि ती आधीच भरलेली असते. ती कमी करण्याचा किंवा शून्य करण्याचा आपल्याला अधिकार आहे. काही संस्था कार्यालयीन खर्च वेगळ्या देणगीदारांकडून भागवतात आणि उपचारासाठी दिलेली सगळी रक्कम उपचारालाच लावतात. व्यवस्थापन खर्च शून्य असलेली संस्था सर्वांत चांगली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. कागद तपासणारा, रुग्णालयाशी भांडून बिल कमी करून घेणारा, सहाव्या आठवड्यात फोन करणारा माणूस हाही खर्चच आहे, आणि तो नसेल तर प्रश्न ९ मधली एकही पडताळणी होत नाही.

९. आवाहन खरे आहे, हे कसे ओळखावे?

रुग्णालयाचे नाव, अपेक्षित प्रसूतीचा महिना, लेखी अंदाजपत्रक आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. रुग्णालयाला फोन करताना आवाहनातला क्रमांक न वापरता तो स्वतंत्रपणे शोधावा. रुग्णालय मातेची वैद्यकीय माहिती सांगणार नाही आणि सांगूही नये. परंतु अमुक निधी आमच्याकडे जमा होत आहे, एवढे ते सांगू शकते. प्रसूती होऊन गेल्यावरही 'तातडीची गरज' म्हणून तोच मजकूर फिरत राहणे, रक्कम वाढत जाणे पण बिल कधीच न दिसणे, प्रश्न विचारल्यावर रागावणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. उलट, मजकूर ओबडधोबड आहे किंवा फोटो नाही, यावरून आवाहन खोटे ठरवू नये.

१०. आवाहनात मातेचा फोटो आणि नाव द्यावे का? त्याशिवाय लोक पैसे देत नाहीत.

फोटोने देणग्या वाढतात, हा अनुभव आहे. तरीही, ज्या अवस्थेत आपण आपल्या बहिणीचा फोटो अनोळखी लोकांना दाखवणार नाही, त्या अवस्थेतला कोणाचाही फोटो देऊ नये. कळा देणारी, रडणारी, सलाईन लावलेली बाई आणि नुकतेच जन्मलेले बाळ यांचे फोटो आम्ही स्वीकारत नाही. बाळाला संमती देता येत नाही, आणि इंटरनेटवर गेलेला फोटो ते मोठे झाल्यावरही तिथेच असतो.

संमती घेण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. मदत मिळण्यासाठी सही करावीच लागेल असे वाटत असताना केलेली सही ही खरी संमती नव्हे. म्हणून मदत मंजूर झाल्याचे आधी सांगावे आणि त्यानंतर, वेगळ्या दिवशी, फोटोबद्दल विचारावे; तिने नकार दिला तरी मंजूर रकमेत फरक पडणार नाही, हे तिच्या भाषेत आणि तिच्या घरच्यांच्या अनुपस्थितीत सांगावे. मी पाहिलेल्या एका बाईने संमतीचा कागद दोनदा वाचून घेतला, मग अंगठा टेकवण्याऐवजी पेन मागितले आणि सावकाश तीन अक्षरे लिहिली. फोटोच्या चौकटीपुढे मात्र तिने फुली मारली. तिच्या आवाहनात आम्ही रुग्णालयाच्या दाराचा फोटो वापरला आणि ते आवाहन भरले. एच.आय.व्ही., आधीचा गर्भपात, बलात्कार, लग्नाबाहेरचे गरोदरपण यांचा उल्लेख तर मातेने स्वतः सुचवला तरीही करू नये, असा आमचा नियम आहे. मजकूर एकदा पसरला की परत घेता येत नाही.

११. रुग्णालय सुरक्षित आहे की नाही, हे डॉक्टर नसलेल्या माणसाने कसे पाहावे?

इमारतीकडे कमी पाहावे आणि प्रश्न जास्त विचारावेत. रात्री प्रशिक्षित व्यक्ती हजर असते का? ऑक्सिटोसिन कुठे ठेवता? (ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते; कपाटात उघडे ठेवलेले औषध नाव तेच असून निकामी होऊ शकते.) झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे का? ते दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याने घटतो, हे ३३ देशांतील सुमारे १० हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे. रक्त कुठून येते आणि किती वेळात? सिझेरियन येथेच होते की दुसरीकडे पाठवावे लागते?

आणखी एक साधी वस्तू विचारावी. प्रसूतीनंतर किती रक्त गेले, याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी निघतो. त्यासाठी बाळंतिणीच्या खाली पसरायची प्लॅस्टिकची एक चादर मिळते. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात, एक इशाऱ्याची ३०० मिलीलिटरला, दुसरी ५०० ला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत ही चादर आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत मिळून वापरली, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निधीतून वस्तूरूपाने काही द्यायचे असेल, तर मी भेटवस्तूंच्या टोपलीआधी या चादरी देईन.

१२. निधी आहे हे कळल्यावर रुग्णालय उगाच सिझेरियन करणार नाही का?

ही भीती निराधार नाही. सिझेरियन वेळेवर मिळाल्याने आई आणि बाळ दोघेही वाचतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, एखाद्या लोकसमूहात सिझेरियनचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या वर गेल्यावर मृत्यू आणखी घटलेले दिसत नाहीत. उपाय असे आहेत : सिझेरियनचे कारण केसपेपरवर लिहिलेले असल्याशिवाय त्याचे बिल भरायचे नाही, सामायिक निधी असेल तर रुग्णालयाशी प्रत्येक नोंदणीमागे एकच सरासरी दर ठरवायचा, म्हणजे शस्त्रक्रिया केल्याने जास्त पैसे मिळत नाहीत, आणि वर्षातून एकदा सगळ्या प्रसूतींची आकडेवारी एखाद्या बाहेरच्या प्रसूतितज्ज्ञाला दाखवायची. परंतु कळा सुरू असताना निधीच्या माणसाने फोनवरून 'थोडे थांबून पाहा' असे कधीही सांगू नये. तो निर्णय डॉक्टरांचा आणि त्या बाईचा आहे.

१३. घरी किंवा सुईणीच्या हातून बाळंत व्हायचे असेल तर निधी मिळतो का?

सुईण कोण आहे, यावर ते ठरते. प्रशिक्षित, नोंदणीकृत प्रसाविका असेल आणि गरज पडल्यास रुग्णालयात हलवण्याची सोय ठरलेली असेल, तर आम्ही मदत करतो. अशा प्रसाविकांची जगात मोठी कमतरता आहे. २०२१ मधील जागतिक अहवालाने ती सुमारे ९ लाखांची असल्याचे म्हटले होते. परंपरेने काम करणाऱ्या, प्रशिक्षण नसलेल्या दाईच्या प्रसूतीसाठी निधी देत नाही, परंतु तिने मातेसोबत रुग्णालयात यावे म्हणून तिचे भाडे आणि बुडालेला दिवस यांचे पैसे जरूर देतो, कारण बाईचा धीर तिच्यावर असतो. अंतर हीच अडचण असेल, तर रुग्णालयाजवळच्या प्रतीक्षागृहात शेवटचे दोन-तीन आठवडे राहण्याचा खर्च भागवता येतो. क्यूबामध्ये अशी गृहे १९६२ पासून आहेत.

१४. रक्कम कमी पडली, किंवा जास्त जमली, तर काय होते?

कमी पडल्यास सामायिक निधीतून भर घालतो. तोही अपुरा असेल, तर आधी रुग्णालयाकडे सवलत मागतो, मग हप्ते मागतो, आणि नवे आवाहन सर्वांत शेवटी करतो. जास्त जमल्यास प्रश्न ५ मधल्या वाक्याप्रमाणे ती पुढच्या मातेला जाते. ते वाक्य आधी लिहिलेले नसेल, तर प्रत्येक देणगीदाराला विचारावे लागते, आणि ज्याला रक्कम परत हवी त्याला ती द्यावी लागते.

१५. मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि निधी अजून अर्धाच जमला आहे. काय करावे?

आधी रुग्णालयात जावे. पैशाचा विचार रुग्णालयात पोहोचल्यावर करावा. नोंदणी झालेल्या मातेसाठी रुग्णालयाकडे आमचे हमीपत्र आधीच दिलेले असते आणि त्यात आवाहन किती भरले याची अट नसते. नोंदणी नसेल तरी अंगावरून रक्त जाणे, झटका येणे, पाणी जाऊन बराच वेळ होणे, बाळाची हालचाल थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास थांबू नये. अनामत रक्कम मागून दारातच अडवले, तर तात्काळ उपचाराबाबतचा तेथील कायदा सांगावा आणि नकार लेखी मागावा; लेखी मागताच बहुतेक वेळा दार उघडते.

१६. आई अल्पवयीन आहे, किंवा अविवाहित आहे, किंवा तिच्याकडे ओळखपत्रच नाही. तिला मदत मिळते का?

मिळते. लग्नाचा पुरावा आम्ही कोणाकडेच मागत नाही. ओळखपत्र नसेल, तर तपासणी कार्ड आणि परिचारिकेची सही पुरते. मुलगी अल्पवयीन असेल तेव्हा अनेक देशांत डॉक्टरांवर पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवण्याची कायदेशीर जबाबदारी असते. ती जबाबदारी पाळली जाईल, हे तिला सुरुवातीलाच सौम्यपणे सांगावे, मागाहून कळू देऊ नये. तिच्यासाठी जाहीर आवाहन कधीही करू नये. तिचा खर्च सामायिक निधीतूनच व्हावा.

१७. बिल भरले नाही म्हणून रुग्णालयाने बाळंतिणीला घरी सोडले नाही. निधीतून बिल भरता का?

भरतो, पण सोबत लेखी हरकतही घेतो. बिलासाठी माणसाला अडकवून ठेवणे अनेक देशांत घडते. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, अशा प्रकारे रोखून ठेवलेल्या दोन स्त्रियांच्या खटल्यात, ते त्यांच्या हक्कांचे उल्लंघन असल्याचा निर्णय दिला. निव्वळ पैसे भरत राहिलो, तर अडकवण्याची पद्धत रुग्णालयाला वसुलीचा खात्रीचा मार्ग वाटू लागते; न भरल्यास ती बाई जमिनीवर झोपून राहते आणि रोजचे खाटेचे भाडे तिच्या बिलात वाढतच जाते. म्हणून आधी तिला बाहेर काढावे, आणि त्या रुग्णालयाशी पुढचे काम लेखी हमी मिळेपर्यंत थांबवावे.

१८. प्रसूतीनंतर मदत कधी थांबते?

सहा आठवड्यांनी. सुखरूप प्रसूतीनंतरही निदान २४ तास रुग्णालयात राहावे आणि त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या भेटींचे भाडे मूळ अंदाजपत्रकातच धरावे. बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर तो खर्च फार मोठा असतो आणि त्यासाठी स्वतंत्र आवाहन करावे; बाळंतपणाच्या सामायिक निधीतून तो भागवल्यास पुढच्या कित्येक मातांची तरतूद एका झटक्यात संपते.

१९. बाळ दगावले, किंवा आईच दगावली, तर देणगीदारांना कळवता का? पैशाचे काय होते?

रुग्णालयाचे बिल ठरल्याप्रमाणे भरले जाते, कारण उपचार झालेले असतात. बाळ दगावले तरी आईच्या पुढच्या तपासण्या, दूध आटेपर्यंतची काळजी आणि समुपदेशन यांचा खर्च निधी करतो. या बायकांच्या घरी फारसे कोणी जात नाही, म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यात फोन न करता माणूस पाठवतो. आई दगावली, तर अंत्यविधी आणि बाळाच्या पहिल्या काही महिन्यांच्या दुधासाठी उरलेली रक्कम वापरतो, आणि बाळ कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय ती कोणाच्याही हाती देत नाही.

देणगीदारांना कळवतो, पण कुटुंबाने परवानगी दिल्यावर, आणि कुटुंबाला हवे तेवढेच. एका कुटुंबाने चार महिने काही कळवू नका असे सांगितले होते. त्या काळात अनेक देणगीदारांनी बाळ कसे आहे असे विचारले, आणि त्यांना आम्ही एवढेच लिहिले की कुटुंबाने सध्या कोणतीही माहिती न देण्याची विनंती केली आहे, त्यांनी परवानगी देताच कळवू. चार महिन्यांनी बाळाच्या आजीने स्वतः निरोप पाठवला, आणि त्यातला मजकूर तिने सांगितला तसाच, एकही शब्द न बदलता, आम्ही सगळ्यांना पाठवला.